लेन्सच्या आधी फरशा मोज

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा २६ वर्षांचा मुलगा. पतसंस्थेत नोकरी, फोटोग्राफीची मनापासून आवड. दोन वर्षांपूर्वी कॅनन १५००डी कॅमेरा घेतला, दोन लेन्सवाला सेट, म्हणजे १८-५५ आणि ५५-२५०. गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण घरच्याच हॉलमध्ये झालं, फोटोची जबाबदारी ह्याच्याकडे. फोटो पिवळे आले, बरेचसे हलले, आणि चुलत वहिनीने मोबाईलवर काढलेले फोटोच सगळ्यांनी स्टेटसला ठेवले. बहीण काही बोलली नाही, पण अल्बम करूया का असं तिने एकदाही विचारलं नाही, ते त्याला लागलंय. साधारण दोन महिन्यांनी बारसं आहे. बोनसचे २० हजार बाजूला ठेवलेत. मित्र म्हणतो पोर्ट्रेटसाठी, म्हणजे चेहऱ्यांच्या फोटोंसाठी, डोळे झाकून ५० एमएम घे, झूम नसलेली. दुकानदार म्हणतो १८-२०० घे, एकच लेन्स सगळीकडे चालेल. एका ग्रुपवर सेकंडहँड सिग्मा १७-५० एफ/२.८ दिसतेय, १६ हजाराला. त्याचं म्हणणं, "ताई, झूमच हवी कारण घरात पुढेमागे सरकायला जागा नसते, पण पोर्ट्रेटही चांगले यायला हवेत, तर नक्की कुठली घेऊ?" सोबत त्या दिवशीचे १२ फोटो पाठवलेत.

तुझे बाराही फोटो मी लॅपटॉपवर मोठे करून बघितले. सातवा फोटो आहे ना, आजी बहिणीच्या मनगटाला फुलांचं कंकण बांधतेय आणि बहीण हसू दाबून खाली बघतेय, तो हललाय खरा, पण त्या क्षणी हॉलमधल्या एवढ्या माणसांत तुझंच लक्ष तिकडे होतं. हे आधी लिहिते कारण पत्रभर तू स्वतःला दोष देत सुटलायस आणि शेवटी त्यावर औषध म्हणून लेन्स मागतोयस, तर मला वाटतं आधी नेमकं काय बिघडलं ते बघूया, मग २० हजार कुठे घालायचे ते ठरवू.

फोटोच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि त्यात डिटेल्स उघडलंस की तो फोटो कुठल्या एमएमवर (आकडा लहान तेवढा जास्त रुंद भाग फोटोत येतो), किती अपर्चरला (लेन्सचं तोंड किती उघडं, एफचा आकडा लहान तेवढं जास्त), किती शटर स्पीडला (किती वेळ प्रकाश आत घेतला), किती आयएसओवर (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला) काढलाय ते सगळं लिहिलेलं असतं. तुझ्या बारापैकी नऊ फोटो १८ ते ३५ च्या मधले आहेत, एक ४० चा, आणि फक्त दोन ५५ चे. आयएसओ सगळीकडे १६००, म्हणजे तू तो तिथेच धरून ठेवलास, बहुतेक नॉइजच्या, म्हणजे फोटोत दाणे येण्याच्या, भीतीने. १८ वाल्या फोटोंत शटर १/४० च्या आसपास आणि ५५ वाल्या दोन्हीत १/२०. आता १/२० सेकंदात हसणारं, बोलणारं, ओवाळणारं माणूस स्थिर येणं कठीणच, लेन्समध्ये आयएस, म्हणजे स्टॅबिलायझेशन, असला तरी. स्टॅबिलायझेशन तुझ्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही थांबवत. हे नीट लक्षात घे, कारण पुढे लेन्स निवडताना पुन्हा लागणार आहे.

वहिनीच्या मोबाईलबद्दल पण बोलायला हवं कारण ते तुला जास्त टोचलंय. आजकालचा मोबाईल अंधारात एकच फोटो काढून थांबत नाही, पटापट बरेच फोटो काढून ते एकमेकांवर बसवतो, नॉइज साफ करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. तुझा कॅमेरा तुला कच्चा माल देतो, पुढचं काम तुझं. म्हणजे त्या दिवशी वहिनीकडे तुझ्यापेक्षा चांगली लेन्स होती असं काही नाही. तू जेपेगमध्ये काढलेस, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणं) ऑटोवर, आणि हॉलमध्ये पिवळे बल्ब, पांढरी ट्यूब, वर रंगीत एलईडी माळा आणि खिडकीतून थोडा संध्याकाळचा उजेड असे चार प्रकारचे प्रकाश एकत्र. कुठलाही ऑटो व्हाइट बॅलन्स तिथे गोंधळेल, तुझा गोंधळला. हेच रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदललेल्या मूळ फाइलमध्ये, काढले असतेस तर पिवळेपणा बराचसा नंतर काढता आला असता.

आता झूम. आपल्याकडे झूम म्हटलं की लांबचं जवळ आणणं असंच डोक्यात येतं आणि दुकानदार पण तेच विकतो, १८-२००, ५५-२५०, ७०-३००, आकडा मोठा तेवढी लेन्स भारी. पण तुझ्या कामात लांबचं काहीच नाहीये रे. सगळं हातभर अंतरावर आहे. तुला बघायचाय तो दुसरा आकडा, एफच्या पुढचा. तुझी १८-५५ ही एफ/३.५-५.६ आहे, म्हणजे १८ ला अपर्चर ३.५ पर्यंत उघडतं आणि ५५ ला जाईपर्यंत ५.६ वर येऊन बसतं. ५.६ च्या जागी २.८ मिळालं तर चौपट प्रकाश आत येतो, म्हणजे तुझा १/२० चा फोटो त्याच उजेडात, त्याच आयएसओवर १/८० ला निघतो, आणि आयएसओ ३२०० केलास तर १/१६०. तिथे माणूस थांबतं. दुकानदाराची १८-२०० पण ३.५-५.६ च असते, म्हणजे अंधारात ती तुझ्या आत्ताच्या लेन्सपेक्षा कणभरही जास्त प्रकाश देणार नाही. एखाद्याला ट्रिपला एकच लेन्स न्यायची असेल तर ठीक, तुझ्यासाठी नको. तो विषय इथेच सोडूया.

पण एक गोष्ट तुला प्रामाणिकपणे सांगायला हवी. १८ च्या बाजूला तुझी किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५, ३.५ देते, तिथे २.८ वाली घेतलीस तर फरक दीडपटीचाच आहे, १/४० चा फार तर १/६० होईल. आणि आयएसओ १६०० वरून ३२०० करायला एक रुपया लागत नाही, तेवढ्यानेच १/४० चा १/८० होतो. १५००डी मध्ये आयएसओ ६४०० पर्यंत आहे. ३२०० वर दाणे दिसतात, हो, पण दाणेदार फोटो आजीला आवडतो आणि हललेला फोटो कुणालाच आवडत नाही. म्हणजे तुझे जे नऊ रुंद फोटो बिघडले त्यांचा उपाय बराचसा आत्ताच तुझ्या बॅगेत आहे. नव्या लेन्सचा खरा फायदा तुला ३५ ते ५० च्या पट्ट्यात होणार, जिथे चेहरे येतात. म्हणून मला तुला एक विचारायचंय, तू ५५ वर फक्त दोनच फोटो काढलेस ते जागा नव्हती म्हणून, की तिथे गेल्यावर सगळं अंधारं आणि हललेलं येतंय हे पहिल्या दोनात दिसलं म्हणून? दोन्हीचं उत्तर वेगळ्या लेन्सकडे नेतं.

ह्याच्यासाठीच मी तुझ्या फोटोतल्या फरशा मोजल्या. दोन फुटी फरशा दिसतायत, लांबीला सात, रुंदीला पाच, म्हणजे हॉल १४ बाय १०. त्यात एका भिंतीला सोफा, दुसऱ्या टोकाला फुलांनी सजवलेला झोपाळा भिंतीपासून दोनेक फूट पुढे, मध्ये सतरंजीवर बायका बसलेल्या. तुला उभं राहायला झोपाळ्यापासून जास्तीत जास्त आठ फूट मिळत होते. आता मित्राची ५० एमएम घे. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, फुलफ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या मापाच्या सेन्सरपेक्षा) लहान आहे, १.६ क्रॉप, त्यामुळे ५० तिथे ८० सारखी दिसते. आठ फुटांवरून आडव्या फोटोत तुला साधारण साडेतीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच एवढंच दिसेल. दोघंजण शेजारी बसलेली, डोक्यापासून पोटापर्यंत. झोपाळा नाही येणार, झोपाळ्याची फुलं नाही येणार, पाटावरचं ताट तर नाहीच. कॅमेरा उभा धरून बहिणीचा पायापर्यंत फोटो हवा असेल तर साडेबारा फूट मागे जावं लागेल, म्हणजे तू सोफ्याच्या मागच्या भिंतीतून पलीकडे गेलास. तेच ३५ ला नऊ फूट पुरतात, २४ ला सहा. आणि १७ ला आठ फुटांवरून दहा फुटांची रुंदी येते, अख्खी समोरची भिंत.

मला हे नावाजलेल्या सल्ल्याने शिकवलं नाही, एका केळवणाने शिकवलं. नवीन ५० घेतली होती आणि तेवढीच घेऊन मावसबहिणीच्या केळवणाला गेले, जुन्या चाळीतली दोन खोल्यांची जागा. अख्खा वेळ गॅलरीच्या दारात पाठ टेकवून उभी होते. चेहरे सुरेख आले, अगदी सुरेख, पण पाच मावश्या एका फोटोत आल्या नाहीत, आणि त्यातल्या दोघी आज नाहीत. त्या पाचजणींचा एकत्र फोटो कुणाकडेच नाहीये. तेव्हापासून मी कुणालाही घरगुती समारंभासाठी फक्त ५० घे म्हणून सांगत नाही.

असं असलं तरी ५० वाईट लेन्स नाही. कॅननची ५० एफ/१.८ एसटीएम २०१५ पासून आहे, १६० ग्रॅमची, नवीन घेतली तरी तुझ्या बजेटात बसते, आणि ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश देते. पोर्ट्रेट हेच मुख्य काम असेल, घराला अंगण किंवा गच्ची असेल, एका वेळी एकच माणूस समोर असेल तर ती घ्यावी. पण १.८ वर काढताना सहा-सात फुटांवर जेमतेम ११ सेंटिमीटरचा पट्टा फोकसमध्ये असतो. बहीण पुढे आणि जावई हातभर मागे असे बसले की एकाचे डोळे फोकसबाहेर गेले. म्हणून दोघं-तिघं असली की एफ/४ पर्यंत यावंच लागतं आणि मग त्या १.८ चे पैसे वाया.

आणि मागचं धूसर झालं म्हणजेच पोर्ट्रेट चांगलं, हे जे तू दोनदा लिहिलंयस, ते जरा तपासून बघ. डोहाळजेवणात मागे काय असतं? कौतुकाने बघणाऱ्या काकू, चंद्रकोरीची सजावट, ओटी भरायला थांबलेली शेजारीण. ते सगळं लोण्यासारखं पुसून टाकलंस तर तो फोटो कुठल्याही स्टुडिओतला होईल. थोडं मऊ व्हावं पण ओळखू यावं एवढंच धूसर पुरतं, आणि ते ३५ ते ५० च्या मध्ये २.८ वर छान मिळतं. त्यातून मागचं अजून मऊ हवं असेल तर माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आण, फरक लगेच दिसेल. चेहऱ्याचं म्हणशील तर नाक मोठं दिसणं, गाल फुगणं हे लेन्सच्या आकड्यापेक्षा अंतरामुळे होतं, पाच-सहा फुटांच्या आत जाऊन चेहरा काढू नकोस, मग कुठल्याही एमएमला चेहरा चेहऱ्यासारखा येतो.

तर तुझ्यासाठी मी १७-५० एफ/२.८ च्याच बाजूने आहे. ग्रुपवरची सिग्मा ही २०१० सालची लेन्स, आत स्टॅबिलायझेशन आहे, मोटर शांत आहे, ५६५ ग्रॅम भरते म्हणजे तुझ्या किट लेन्सच्या मानाने हाताला चांगलीच जड लागेल, तासाभराने मनगट बोलायला लागतं. २.८ वर मध्यभाग चांगला शार्प, कडा जरा मऊ, ४ ला सगळं सुधारतं. ह्याच जातीतली टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ पण बघ, तिचे दोन प्रकार आहेत, एक स्टॅबिलायझेशनवाला आणि एक त्याच्या आधीचा, २००६ चा, बिनस्टॅबिलायझेशनचा. तो जुना प्रकार शार्पनेससाठी अजूनही नावाजला जातो, फोकस करताना मात्र खरखर आवाज करतो, शांत खोलीत झोपलेल्या बाळाजवळ तुला ते नकोसं होईल. तुला १/१२५ च्या वरच राहायचं असल्यामुळे स्टॅबिलायझेशन नसलं तरी माणसांच्या फोटोत तुझं फारसं अडत नाही, म्हणून ती बरीच स्वस्तात आणि चांगल्या अवस्थेत मिळाली तर सोडू नकोस. कॅननची स्वतःची १७-५५ एफ/२.८ उत्तम आहे पण तिची नीट ठेवलेली कॉपी, म्हणजे वापरलेला नग, तुझ्या बजेटात बसणं अवघड. आणि कुणी फुलफ्रेमची २४-१०५ स्वस्तात देतोय म्हणाला तर फरशा आठव, तुझ्या कॅमेऱ्यावर ती ३८ पासून सुरू होते, वर एफ/४.

बजेट आणखी कमी असणाऱ्यांसाठी, म्हणजे आठ-दहा हजारवाल्यांसाठी, कॅननची चपटी २४ एफ/२.८ एसटीएम सेकंडहँड शोधावी. ती झूम नाही, पण १.६ क्रॉपवर ती ३८ सारखी दिसते आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांना ती जेवढी फिट बसते तेवढी ५० कधीच बसत नाही.

आता सेकंडहँड घ्यायचं म्हणजे, ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथेच पैसे बुडतात. माझे बुडालेत. एका दुकानातून वापरलेली लेन्स घेतली, बाहेरून चकाचक, डबा, बिल सगळं, आणि पावसाळा संपता संपता खिडकीकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट यायला लागले. आत बुरशी होती, घेतानाच असणार, मी टॉर्च मारून बघितलंच नव्हतं. तर तू बघ. कॅमेऱ्यावरून लेन्स काढ, मोबाईलचा टॉर्च मागून तिरका मार आणि पुढून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस. दोनचार धुळीचे कण असतील तर घाबरू नकोस, ते फोटोत येत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीकसा ओरखडा पण चालतो, मागच्या काचेवरचा नाही चालत. आपल्याकडची दमट हवा बुरशीला पोषक असते, कोकणातून किंवा मुंबईतून येणारी लेन्स असेल तर दुप्पट काळजीने बघ.

मग ती स्वतःच्याच बॉडीवर लाव, विकणाऱ्याच्या नको. झूम रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरव, कुठे अडकते का. अपर्चर २.८, ५.६, ११ असं बदलत प्रत्येकी फोटो काढ, एरर येतोय का बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोकस. ५० ला, २.८ ला, पाच-सहा फुटांवरच्या एखाद्या छापील डब्यावर आधी व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून फोटो काढ, मग लाइव्ह व्ह्यू चालू करून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, तोच फोटो काढ. लाइव्ह व्ह्यूतला शार्प आणि व्ह्यूफाइंडरवाला मऊ असं तीन-चार वेळा आलं तर त्या लेन्सचं फोकस तुझ्या बॉडीशी जुळत नाही, आणि १५००डी मध्ये ते जुळवून घ्यायची सेटिंग नाहीये. अशी कॉपी सोडून द्यायची, वाईट वाटून घ्यायचं नाही. फोटो तिथल्या तिथे मेमरी कार्डवर घेऊन लॅपटॉपवर बघता आले तर उत्तम, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. ग्रुपवरच्या अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवू नकोस, कितीही घाई असल्याचं तो म्हणाला तरी. मुंबईला जाणं होणार असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात एक दुपार काढ, कॅमेऱ्याच्या दुकानांची ओळच आहे तिथे, हातात घेऊन दोन-तीन कॉपी बघता येतात. आणि लोक मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे, वळल्यामुळे डीएसएलआरच्या, म्हणजे तुझ्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या, वापरलेल्या लेन्स आता बऱ्यापैकी बाजारात येतायत, तेव्हा १६ हजार हा शेवटचा शब्द समजू नकोस, घासाघीस कर.

घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरायचे. पण कपाटात कोंडून ठेवू नकोस, आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापर.

ह्या सगळ्याच्या आधी एक फुकटचा प्रयोग कर. १८-५५ ची झूम रिंग चिकटपट्टीने २४ वर चिकटवून टाक आणि दोन दिवस घरात फक्त तेवढ्यावरच फोटो काढ. मग ३५ वर दोन दिवस, मग ५० वर दोन दिवस. आईचे स्वयंपाक करतानाचे, वडील पेपर वाचतानाचे, काहीही. आठवड्याभरात तुझ्या घरात तुला कुठल्या आकड्याला सुचतं ते कळेल, आणि ते मला, मित्राला, दुकानदाराला कुणालाही कळणार नाही. ५० वरच तुझा जीव रमला आणि जागा पण पुरली, तर माझं सगळं बाजूला ठेव आणि ५० घे, पैसेही वाचतील. शक्य असेल तर १७-५० एक दिवस भाड्याने आणून बघ, पुण्या-मुंबईत मिळतात, नाहीतर तुझ्याच गावात लग्नाचं काम करणारा कुणी फोटोग्राफर असेलच, त्याच्याबरोबर एखाद्या कार्याला मदतीला जा, हातात घेऊन बघायला मिळेल आणि बाकी पण बरंच शिकशील.

उरलेल्या तीन-चार हजारांचं काय करायचं तर फ्लॅश. हे मी लेन्सइतकंच महत्त्वाचं मानते. छत पांढरं आहे तुमचं, नऊ-दहा फुटांवर, फ्लॅशचं डोकं वर करून छतावर मारलास तर तो उजेड पसरून वरून खाली येतो, खिडकीतून आल्यासारखा. मग एफ/४, १/१२५, आयएसओ ८०० असं आरामात काढता येतं, किट लेन्सच्या १८ च्या बाजूलासुद्धा. भिंत पिस्ता रंगाची आहे, तिच्यावर मारू नकोस, सगळ्यांचे चेहरे हिरवट येतील. पण थांब, इथे तुझ्या कॅमेऱ्याची एक अडचण आहे जी घेतल्यावर कळते आणि मग लोक रडतात. १५००डी च्या हॉटशूला, म्हणजे वर फ्लॅश बसतो त्या खाचेला, मधली पिनच नाहीये, कॅननने दिलीच नाही, त्यांच्याच २००डी मार्क २ ला पण नाही. त्यामुळे एकाच पिनवर चालणारे स्वस्तातले मॅन्युअल फ्लॅश त्याच्यावर पेटतच नाहीत. कॅननसाठीचा टीटीएल फ्लॅश, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलून उजेड आपोआप ठरवणारा, लागतो, कॅननचाच जुना ४३०ईएक्स सेकंडहँड मिळाला तर बघ, आणि दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून पेटवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. बजेटात नाही बसला तर बारशाच्या दिवसापुरता कुणाकडून तरी माग.

बाकी कंपन्यांचे कॅमेरे असलेल्यांची पण अशीच पत्रं येतात म्हणून तेवढं सांगून टाकते. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० असेल तर बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ५० एफ/१.८डी सारखी जुनी लेन्स बसेल पण फोकस हाताने करावा लागेल, आणि टॅमरॉनची जुनी १७-५० निकॉनमध्ये मोटरवाली आणि बिनमोटरची अशा दोन्ही येते, विचारून घ्या. निकॉनवर घरातल्या कामाला ३५ एफ/१.८ डीएक्स अगदी गुणी आहे. सोनी किंवा फुजीचे लहान सेन्सरवाले मिररलेस असतील तर सिग्माची १८-५० एफ/२.८, जेमतेम ३०० ग्रॅमच्या आत आहे, बजेट वाढवून का होईना तीच बघा.

आता बारसं. पहिलं म्हणजे वेळ. डोहाळजेवण संध्याकाळी सातला होतं, बारसं सकाळी अकराला ठेवता येतंय का घरच्यांना विचार, आणि पाळणा खिडकीच्या शेजारी, प्रकाश बाजूने येईल असा बांधायला सांग. तू मामा आहेस, तुझं ऐकतील. दिवसा पिवळे बल्ब बंदच ठेव, एकाच जातीचा उजेड राहिला की रंग आपोआप सुधारतात. घरचे एलईडी माळा लावायच्याच म्हणाले तर फोटोत आडवे काळपट पट्टे येतायत का ते आधी तपास, येत असतील तर शटर १/१०० वर आण, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तिथे बहुतेक वेळा पट्टे जातात. रॉमध्ये काढ. नऊ फोकस पॉइंटपैकी मधलाच वापर, तुझ्या कॅमेऱ्यात तोच सगळ्यात भरवशाचा आहे, आणि बाळाच्या जवळच्या डोळ्यावर ठेव. बाळावर सरळ फ्लॅश नको, दचकतं ते.

आणि त्या ५५-२५० ला विसरू नकोस. कार्यक्रम आटपला की बहीण, जावई आणि बाळाला घेऊन गच्चीत जा, ऊन उतरल्यावर, टाकीच्या सावलीत उभं कर आणि ती ८०-१०० च्या आसपास लावून दहा-बारा फुटांवरून काढ. पोर्ट्रेटची झूम म्हणून तू जी शोधतोयस ती दोन वर्षं तुझ्या बॅगेतच आहे, तिला फक्त उजेड आणि अंतर हवं.

हॉलमधलं एकच चुकवू नकोस. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकते आणि मागून सगळ्या तिच्या पाठीत धपाटे घालतात, ते पाच सेकंदांत संपतं, कुणी पुन्हा करून दाखवत नाही. त्याच्या आधीच पाळण्याच्या पायथ्याशी जागा धर, खाली बस, लेन्स १७ किंवा १८ वर, आयएसओ ३२००, शटर १/१२५ च्या खाली नाही, माळांचे पट्टे येत असतील तरच १/१००. आणि सातव्या नंबरचा तो कंकणाचा फोटो काळा-पांढरा करून छापून घे, छोटा, पोस्टकार्डाएवढा, त्या आकारात हललेलं फारसं दिसत नाही. बारशाच्या दिवशी बहिणीला तो दे.